झडपेचा उपचार आणि झोपेतला श्वास: हार्ट फेल्युअरच्या रुग्णाच्या घरच्यांसाठी

रात्री दोनच्या सुमारास बाबांचा श्वास थांबला. मी घड्याळाकडे बघत मोजत होते. वीस सेकंदांनी एक बारीकसा श्वास आला, पुढचा जरा मोठा, त्यापुढचा आणखी मोठा, आणि मग धावून आल्यासारखी छाती वरखाली होऊ लागली. तिथून श्वास पुन्हा उतरत गेला आणि थांबला. एक फेरी साधारण मिनिटभराची. पहाटेपर्यंत हेच चाललं होतं. सकाळी विचारलं तर म्हणाले, झोप ठीक लागली, फक्त लघवीला तीनदा उठलो.

बाबांचं हृदय अशक्त झालंय, म्हणजे त्यांना हार्ट फेल्युअर आहे, आणि हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेतून रक्त मागे गळतंय, हे आम्हाला माहीत होतं. या श्वासाचा त्या झडपेशी संबंध असेल हे मात्र मनातही आलं नव्हतं. पुढे झोपेची चाचणी झाली. अहवालात एक आकडा ठळक अक्षरांत होता आणि त्याखाली श्वासाचं मशीन घेण्याचा सल्ला. श्वास कशामुळे थांबतो, हे कुठेच वेगळं करून लिहिलेलं नव्हतं. आम्ही मशीन जवळजवळ घरी आणलंच होतं.

त्यानंतर जे शिकले ते क्रमाने लिहिते आहे, कारण या आजारात क्रमालाच फार महत्त्व आहे. श्वास कोणत्या प्रकारे थांबतो ते आधी ओळखायचं, मग औषधं आणि झडप यांचा प्रश्न मार्गी लावायचा, मग चाचणी पुन्हा करायची. मशीनचा निर्णय या सगळ्याच्या संदर्भात घ्यायचा. निर्णय डॉक्टरांचाच असतो. पण हृदयाचे डॉक्टर झडप बघतात, झोपेचे डॉक्टर श्वास बघतात, आणि दोन्ही फायली एकत्र बघणारे बहुतेक वेळा घरचेच असतात.

पहिली पायरी: दोन प्रकार वेगळे ओळखा

झोपेत श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला तर त्याला अॅप्निया म्हणतात. हार्ट फेल्युअरच्या निम्म्याहून जास्त रुग्णांमध्ये झोपेतल्या श्वासाचा काही ना काही बिघाड सापडतो. त्याचे मुख्य प्रकार दोन, आणि एकाच माणसात एकाच रात्री दोन्ही असू शकतात.

पहिला अडथळ्याचा, म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि वाट बंद होते. मेंदू हुकूम देत असतो, छाती-पोट श्वास ओढायला धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. मग मोठा घोरण्याचा किंवा गुदमरल्यासारखा आवाज येऊन वाट मोकळी होते. बंद वाटेवर जोर लावताना छातीत जी ओढ तयार होते ती हृदयालाही बाहेरच्या बाजूला ताणते. डाव्या कप्प्याला त्या ताणाविरुद्ध आकुंचन पावावं लागतं. आधीच थकलेल्या हृदयावर हा भार रात्रभरात शेकडो वेळा पडतो.

दुसरा मध्यवर्ती, म्हणजे सेंट्रल. यात वाट मोकळीच असते, पण मेंदूकडून श्वासाचा हुकूमच येत नाही. छाती आणि पोट दोन्ही स्तब्ध असतात. चढत जाणारा, उतरत जाणारा आणि मग थांबणारा जो श्वास मी त्या रात्री पाहिला तो याच प्रकारचा. त्याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. डब्लिनमध्ये काम केलेल्या जॉन चेन यांनी १८१८ साली आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ साली त्याचं वर्णन केलं होतं, म्हणजे झोपेच्या प्रयोगशाळा निघण्याच्या कितीतरी आधी.

झडपेचं नातं या दुसऱ्या प्रकाराशी जास्त घट्ट आहे. मायट्रल झडप गळते किंवा महाधमनीची झडप अरुंद होते तेव्हा हृदयाच्या डाव्या बाजूचा दाब वाढतो. तो मागे फुप्फुसांपर्यंत पोचतो आणि तिथे रक्त तुंबतं. त्यामुळे फुप्फुसांमधल्या चेतातंतूंची टोकं चाळवतात आणि माणूस गरजेपेक्षा जास्त, भरभर श्वास घेऊ लागतो. जास्त श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. झोपेत श्वासाचा हुकूम बराचसा या वायूच्या पातळीवर अवलंबून असतो; ती एका मर्यादेखाली गेली की मेंदू हुकूम देणं थांबवतो. श्वास थांबला की वायू पुन्हा साठतो. पण हृदय हळू पंप करत असल्यामुळे फुप्फुसांकडचा निरोप मेंदूपर्यंत उशिरा पोचतो. तोवर वायू बराच वाढलेला असतो, मेंदू घाईघाईने मोठमोठे श्वास घ्यायला लावतो आणि पातळी पुन्हा मर्यादेखाली जाते. म्हणूनच हार्ट फेल्युअरमध्ये ही फेरी लांब असते, पाऊण ते दीड मिनिटाची. फेरी जितकी लांब तितका रक्ताचा प्रवास संथ, असं ढोबळमानाने म्हणता येतं.

आणखी एक गोष्ट दोन्ही प्रकारांना लागू आहे. दिवसभर पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर वर सरकतं. ते मानेच्या ऊतींमध्ये आलं की घसा अरुंद होतो, फुप्फुसांकडे आलं की मध्यवर्ती प्रकार बळावतो. संध्याकाळची पायांवरची सूज आणि रात्रीचा श्वास यांचा संबंध असा आहे.

दुसरी पायरी: घरी काय बघायचं

डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी पडली ती मोबाईलवर घेतलेली दहा मिनिटांची चित्रफीत. पांघरूण बाजूला करा, छाती आणि पोट दोन्ही दिसतील असा कॅमेरा ठेवा, आवाजही नोंदवला जाऊ द्या. श्वास थांबलेला असताना पोट हलतंय की स्तब्ध आहे, थांबण्याआधी घोरणं होतं का, पाठीवर झोपल्यावर त्रास वाढतो का, एवढं त्यात दिसलं पाहिजे. यावरून निदान होत नाही, पण कोणती चाचणी हवी हे ठरवायला मदत होते. रुग्णाची परवानगी आधी घ्या. झोपेतलं आपलं रूप कुणी टिपावं हे सगळ्यांना रुचत नाही.

सोबत एक वही ठेवा. किती उशा लागतात, झोप लागल्यावर तासा-दोन तासांनी धाप लागून उठून बसावं लागतं का, रात्री लघवीला किती वेळा, सकाळी डोकं दुखतं का. वजन रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर पुढच्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. ते बहुधा पाणी असतं.

दिवसा पेंग येत नाही म्हणजे झोपेचा आजार नाही, असं मात्र समजू नका. हार्ट फेल्युअरच्या अनेक रुग्णांना श्वासाचा गंभीर बिघाड असूनही दिवसा पेंग येत नाही. त्यांना थकवा असतो आणि तो सगळा हृदयाच्या नावावर जमा होतो. पेंगेवर आधारलेल्या नेहमीच्या प्रश्नावल्या म्हणूनच इथे फसतात.

बसल्या जागी दम लागणं, गुलाबी फेसाळ कफ, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं यांपैकी काहीही झालं तर वही-मोबाईल बाजूला ठेवून थेट तातडीच्या विभागात न्या.

तिसरी पायरी: चाचणी कधी आणि कोणती

फुप्फुसांत पाणी भरून दाखल झालेल्या आठवड्यात केलेली चाचणी त्या आठवड्यापुरतीच खरी असते. पाणी उतरून, औषधं स्थिर होऊन काही आठवडे गेले की होणारी चाचणी जास्त विश्वासार्ह. झडपेचा उपचार ठरला असेल आणि वेळ असेल तर तो करण्याआधी एक चाचणी नक्की करून घ्या. नंतरच्या अहवालाला तुलनेसाठी काहीतरी हवं असतं, आणि भूलतज्ज्ञालाही ही माहिती लागते. पण चाचणीसाठी झडपेचा तातडीचा उपचार लांबवू नका.

बोटाला रात्रभर ऑक्सिमीटर लावून ऑक्सिजन घसरतो एवढंच कळतं, का घसरतो ते कळत नाही. घरी करायच्या चाचणीत किमान नाकाशी हवेचा प्रवाह मोजणारी नळी आणि छाती-पोटावरचे पट्टे हवेत, कारण धडपड आहे की स्तब्धता हे पट्ट्यांवरूनच समजतं. मध्यवर्ती प्रकाराची शंका असेल तर प्रयोगशाळेत झोपून केलेली, मेंदूच्या लहरींसह होणारी संपूर्ण चाचणी अधिक चांगली.

अहवालातला ठळक आकडा म्हणजे एएचआय: दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा फार उथळ झाला. पाचच्या खाली सामान्य, १५ पर्यंत सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. पण इथेच थांबू नका. या आकड्यातले मध्यवर्ती किती आणि अडथळ्याचे किती, रात्रीचा किती भाग चेन-स्टोक्स श्वसनात गेला, ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली किती वेळ होता, पाठीवर आणि कुशीवर आकडे वेगळे आहेत का, हे सगळं लिहून मागा. आमच्या पहिल्या अहवालाची कच्ची नोंद दुसऱ्या तज्ज्ञाने पुन्हा वाचली तेव्हा तासाला ३० च्या वरच्या थांब्यांपैकी बहुतेक मध्यवर्ती निघाले. आणायला निघालो होतो ते मशीन दुसऱ्याच प्रकारासाठीचं होतं.

चौथी पायरी: औषधं, मग झडप

झडप दुरुस्त करण्याची घाई समजण्यासारखी आहे. पण मायट्रलची गळती दोन तऱ्हांची असते. झडपेचे पडदेच बिघडलेले असतील तर ती प्राथमिक गळती. तिथे दुरुस्ती हाच मुख्य उपचार, शस्त्रक्रियेने किंवा काही रुग्णांत कॅथेटरने. दुसऱ्या तऱ्हेत पडदे ठीक असतात, पण डावा कप्पा फुगल्यामुळे ते एकमेकांना टेकत नाहीत. ही दुय्यम गळती. इथे आधी हार्ट फेल्युअरची औषधं पूर्ण ताकदीला न्यावी लागतात: एसीई इनहिबिटर किंवा त्याजागी सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी, एसजीएलटी-२ गटातली गोळी, आणि पाणी काढणारी गोळी गरजेप्रमाणे. डावा-उजवा ताळमेळ बिघडलेल्या निवडक रुग्णांना सीआरटी पेसमेकर बसवतात. यामुळे कप्पा थोडा आकसला की काही जणांची गळती कमी होते, आणि मध्यवर्ती अॅप्नियाही कमी होतो.

एवढं करूनही गळती तीव्र राहिली तर पडद्यांच्या कडा चिमट्याने जोडण्याचा उपाय येतो. मांडीच्या शिरेतून कॅथेटर नेऊन हा चिमटा बसवतात. मायट्राक्लिप हे त्यातलं परिचित नाव. २०१८ साली यावर दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले आणि त्यांची उत्तरं उलट आली. कोअॅप्ट अभ्यासात ६१४ रुग्ण होते. दोन वर्षांत नुसत्या औषधांच्या गटात ४६.१ टक्के मृत्यू झाले, चिमटा बसवलेल्या गटात २९.१ टक्के. फ्रान्समधल्या मायट्रा-एफआर अभ्यासात, ३०४ रुग्णांमध्ये, वर्षभरात फरकच दिसला नाही. कोअॅप्टमध्ये घेतलेल्या रुग्णांची औषधं आधीच नीट बसवलेली होती, आणि कप्प्याच्या आकाराच्या मानाने त्यांची गळती जास्त होती. कप्पा फारच फुगलेला असेल तर नुसती गळती थांबवून मोठा फायदा होत नाही, असा याचा अर्थ बहुतेक तज्ज्ञ लावतात. म्हणून "चिमटा बसवता येईल का" याच्या जोडीला "आमच्या रुग्णाला त्याचा फायदा होण्यासारखी स्थिती आहे का" हेही विचारा.

महाधमनीची झडप अरुंद झाली असेल तर गोष्ट वेगळी. त्रास देणाऱ्या तीव्र अरुंदपणावर औषधांनी भागत नाही, झडप बदलावी लागते. छाती उघडून, किंवा कॅथेटरने, म्हणजे टावी. पहिली टावी आलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समध्ये रुआँ इथे केली.

झोपेवर याचा परिणाम काय? मायट्रल आणि महाधमनी, दोन्ही झडपांच्या उपचारांआधी आणि नंतर झोपेची चाचणी केलेले अभ्यास आहेत. ते लहान आहेत, पण त्यांचा कल एकाच दिशेचा आहे: झडप नीट झाल्यावर मध्यवर्ती थांबे कमी होतात, अडथळ्याचे फारसे बदलत नाहीत. वर सांगितलेल्या साखळीशी हे जुळतं. फुप्फुसांवरचा दाब उतरला आणि रक्ताचा प्रवास वेगाने होऊ लागला की साखळी तुटते. घसा मात्र आहे तसाच राहतो.

हृदयाच्या डॉक्टरांना भेटायला जाताना मी एका कागदावर हे प्रश्न नेले होते:

- गळती प्राथमिक आहे की दुय्यम?
- औषधं सोसतील तेवढ्या मात्रेला पोचली आहेत का?
- ईएफ (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा) किती, आणि कप्पा किती फुगलाय?
- झोपेचा अहवाल तुम्ही पाहिलात का?

शेवटच्या प्रश्नावर डॉक्टर थांबले आणि त्यांनी फाईल मागून घेतली.

पाचवी पायरी: भूल

अॅप्निया आहे हे भूलतज्ज्ञाला तोंडी सांगा, फाईलमध्ये असेल अशा भरवशावर राहू नका. गुंगीच्या औषधांनी घसा आणखी सैल पडतो आणि अफूवर्गीय वेदनाशामकांनी श्वासाचा हुकूमच मंदावतो. अन्ननलिकेतून होणाऱ्या इकोलाही (हृदयाच्या सोनोग्राफीलाही) गुंगी देतात, तेव्हाही सांगा. घरी आधीपासून सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) वापरात असेल तर मशीन आणि स्वतःचा मास्क रुग्णालयात न्या आणि उपचारानंतरच्या पहिल्या रात्री वापरायचा का ते विचारा.

सहावी पायरी: चाचणी पुन्हा करा

सगळ्यात जास्त गाळली जाणारी पायरी हीच. झडप झाली, धाप कमी झाली, घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि झोपेचा विषय मागे पडला. इकोची फेरतपासणी ठरलेली असते. झोपेची कुणी ठरवत नाही. सुमारे तीन महिन्यांनी, वजन आणि औषधं स्थिर असताना, शक्य तर आधीच्याच पद्धतीची चाचणी मागून घ्या. आधी घरी आणि नंतर प्रयोगशाळेत केली तर आकड्यांची तुलना नीट होत नाही.

मध्यवर्ती थांबे गेले असतील तर मशीनशिवाय नुसती देखरेख पुरू शकते. अडथळ्याचे उरले असतील तर त्यांवर आता उपचार करा. मध्यवर्ती अजूनही भरपूर असतील तर हृदयाकडे पुन्हा बघायला हवं: गळती उरली आहे का, लय अनियमित झाली आहे का, औषधं कमी पडताहेत का. औषधांची यादीही तपासा. अफूवर्गीय गोळ्या मध्यवर्ती अॅप्निया वाढवतात, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या टिकाग्रेलॉरमुळेही काही जणांत तो होतो. पण कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. विशेषतः रक्ताच्या गुठळ्या रोखणारी.

सातवी पायरी: मशीनचा निर्णय

इथे चूक जिवावर बेतू शकते, म्हणून जरा थांबून वाचा.

सीपॅप ठरलेल्या दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवतो. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये तो मांडला. अडथळ्याच्या प्रकारासाठी तोच मुख्य उपचार आहे, आणि तो प्रकार तीव्र असेल तर झडपेच्या तारखेपर्यंत थांबायचंही कारण नाही. मध्यवर्ती प्रकारासाठी सीपॅप २००५ च्या कॅनपॅप अभ्यासात २५८ रुग्णांवर तपासला गेला: थांबे कमी झाले, आयुष्य वाढलं नाही.

एएसव्ही हे त्याहून हुशार मशीन. श्वास मंदावला की ते स्वतः आधार वाढवतं, आणि मध्यवर्ती थांबे झपाट्याने कमी करतं. सगळ्यांना वाटलं होतं, हाच उपाय. मग २०१५ मध्ये सर्व्ह-एचएफ अभ्यासाचा निकाल आला. ईएफ ४५ टक्के किंवा त्याहून कमी आणि मुख्यतः मध्यवर्ती अॅप्निया असलेले १,३२५ रुग्ण त्यात होते. हृदयविकाराने मृत्यू नेहमीच्या उपचारांच्या गटात २४ टक्के झाले, एएसव्हीच्या गटात २९.९ टक्के. अहवालातला आकडा सुधारला आणि माणसं जास्त दगावली. तेव्हापासून अशा रुग्णांना एएसव्ही देऊ नये असं हार्ट फेल्युअरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अॅडव्हेंट-एचएफ अभ्यासात नव्या पद्धतीच्या एएसव्हीने अपाय दिसला नाही, पण जगण्यातला फायदाही दिसला नाही. म्हणून मशीनची शिफारस झाली की आधी दोन आकडे विचारा: ईएफ किती, आणि थांब्यांत मध्यवर्ती किती. ही दोन्ही उत्तरं न बघता मशीन सुचवलं जात असेल तर दुसरं मत घ्या.

मध्यवर्ती प्रकारासाठी डायफ्रामच्या, म्हणजे छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याच्या, चेतेला रात्री हलके विद्युत संकेत देणारं उपकरणही आहे. अमेरिकेत त्याला २०१७ साली मान्यता मिळाली. ते मोजक्या केंद्रांत आणि निवडक रुग्णांतच बसवतात.

सीपॅप घेतलाच तर एक बारकावा. काही मास्कच्या क्लिपमध्ये चुंबक असतं. पेसमेकर किंवा आयसीडी (लय बिघडली की शॉक देणारं, शरीरात बसवलेलं उपकरण) असलेल्या माणसाने आणि शेजारी झोपणाऱ्यानेही असं चुंबक उपकरणापासून किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवायचं असतं. झोपेत मास्क छातीवर घसरू शकतो, म्हणून चुंबक नसलेलाच मास्क मागा. मास्क लावून चक्कर येत असेल किंवा रक्तदाब उतरत असेल तर लगेच सांगा. आणि मशीन रोज किती तास चालतं हे बघत राहा: २०१६ च्या सेव्ह या मोठ्या अभ्यासात रुग्णांनी ते सरासरी ३.३ तासच वापरलं होतं, आणि हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या नाहीत.

रोजचं

कुशीवर झोपल्याने दोन्ही प्रकारांना उतार पडतो. पाठीमागे लांबट उशी लावली की माणूस उताणा होत नाही. डोक्याकडची बाजू थोडी वर ठेवा. झोपण्याआधी मद्य नको, झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पाणी काढणाऱ्या गोळीची वेळ बदलता येईल का ते विचारा, रात्रीचं उठणं कमी होतं. कृत्रिम झडप बसवली असेल तर दातांच्या उपचारांआधी दंतवैद्याला सांगा, प्रतिजैविक लागू शकतं. यांत्रिक झडप असेल तर रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन जन्मभर, आणि आयएनआरची (रक्त किती पातळ आहे याची) तपासणी ठरल्या वेळी.

बाबांची दुसरी चाचणी चिमटा बसवल्यानंतर चौदा आठवड्यांनी झाली. मध्यवर्ती थांबे तासाला सहावर आले होते. अडथळ्याचे थोडे उरले होते, तेही पाठीवर झोपल्यावरच. मशीन आणलं नाही. पाठीमागे एक लांब उशी आली. त्या आठवड्यात मी पुन्हा एकदा त्यांच्या खाटेशेजारी बसून घड्याळ लावलं. अर्धा तास बसले. मोजण्यासारखं काही झालं नाही.